कोंबड्याची सरकलेली किनार

तिला तोंडावर सगळे आक्का म्हणायचे, पाठ वळली की टणटण. "टणटणकडे टाक, उद्या मिळेल," असं गल्लीतला शिंपी गिऱ्हाइकाला सांगायचा आणि गिऱ्हाईक बरोबर त्या दारात जाऊन उभं राहायचं.

हे नाव पडलं ते तिच्या एका सवयीमुळं. भरतकामाच्या गोल फ्रेममध्ये कापड बसवलं, स्क्रू आवळला, की दुसरी कुणी बाई ती फ्रेम मशीनला लावून मोकळी झाली असती. आक्का तसं करायची नाही. स्क्रू आवळल्यावर ती फ्रेमबाहेर राहिलेली कापडाची कड बोटांत धरून चारी बाजूंनी ओढायची, पुन्हा आवळायची, पुन्हा ओढायची. मग मधलं बोट वाकवून कापडावर टिचकी मारायची आणि मान तिरकी करून ऐकायची. टण् वाजलं तर ठीक. नाही वाजलं तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतून टण्, टण् ऐकू आलं की समजावं, आक्काची पूजा चालू आहे.

हे तिला वडलांनी शिकवलं होतं. वडील पायाच्या मशीनवर भरतकाम करायचे. त्या मशीनला फ्रेम दोन्ही हातांनी सुईखाली फिरवावी लागते, आणि कापड जरा ढिलं राहिलं की सुई त्याला घेऊन खाली जाते. म्हणून वडील म्हणायचे, "कापड बोललं पाहिजे." आक्काचे पाय पायट्याला धड पुरत नव्हते तेव्हापासून तिचं कापड बोलत आलं होतं.

अंगानं ती काठीसारखी. गळ्यात फितीला बांधलेली छोटी कात्री आणि बाहीवर सदा धाग्यांचे तुकडे चिकटलेले. चेहरा असा, की गिऱ्हाईक माल हातात पडायच्या आधीच उपकार मानून मोकळं व्हायचं. लग्नाचं जमतंय जमतंय म्हणेपर्यंत वडील गेले, मग धाकट्या भावाचं शिक्षण आलं, मग काम वाढलं, आणि मग लोकांनी विचारायचंच सोडलं. त्याचं तिला दुःख असेल असं म्हणणारी माणसं तिला ओळखत नव्हती. तिची दुःखं वेगळीच. शेजारणीच्या गॅलरीतले पडदे आपल्यापेक्षा पांढरे निघाले की ती दोन दिवस जेवणात मीठ जास्त घालायची. समोरच्या टोपीवाल्यानं दुकानाला नवा रंग दिला तर ती म्हणायची, "आतल्या ओलीचं काय करणार आहे तो?" कुणाचं बरं झालेलं तिला सोसायचं नाही, आणि हे तिला स्वतःला माहीत होतं, हे विशेष. "माझं पोट तसंच आहे," म्हणायची. "जन्मतःच जळकं."

पण पडद्यांवर जळणं हे आपलं किरकोळ जळणं. खरं जळणं भावाच्या लग्नानंतर घरात आलं.

भाऊ मोठा झाला तसं त्यानं पुढच्या खोलीत मोठं मशीन आणून बसवलं. संगणकावर चालणारं, ओळीनं सुया असलेलं. फ्रेम लावली, बटण दाबलं, की ते आपलं आपण रंग बदलत टाके घालत बसायचं. आक्काच्या वाट्याला उरलं ते फ्रेम लावणं, धागे ओवणं आणि झालेल्या मालाचे धागे कापणं. तरीही राज्य तिचंच होतं, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. कोणता टाका कुठं, कोणता आधी, कोणता नंतर, हे संगणकावर मांडायचं जे काम, त्याला पंचिंग म्हणतात, ते बाजारातला एक माणूस करून द्यायचा. तो आक्काला घाबरून असायचा, त्यामुळं तिला तो आवडायचा.

आणि मग भावानं बायको आणली ती नेमकी पंचिंग येणारी.

आक्का तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणायला लागली. वयानं ती मुलगी शोभेल अशी. नावानं हाक मारली असती तरी चाललं असतं. पण नावानं हाक मारली की जवळीक होते. वहिनी म्हटलं की मान द्यायचा तो दिला आणि अंतर ठेवायचं ते ठेवलं. वहिनीनं खिडकीजवळ टेबल मांडलं, त्यावर संगणक ठेवला, आणि आठवड्याभरात गिऱ्हाइकं दारातून आत आली की सरळ त्या टेबलाकडं वळायला लागली. आधी ती आक्काच्या मशीनकडं यायची.

"अगंबाई, स्क्रीनवर आधीच दिसतंय की कसं येणार ते!"

"रंग बदलून दाखवू?" वहिनी विचारायची, आणि एक टिचकी मारली की निळा मोर हिरवा व्हायचा. गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघत राहायचं.

मागं आक्का फ्रेमचा स्क्रू असा आवळायची की तो रडायचाच बाकी राहायचा.

भावाची तर जीभच वहिनीच्या नावानं गोड झाली होती. "आक्के, हिनं काढलेली अक्षरं बघ, छापल्यासारखी!" "आक्के, हिनं टाके कमी केले, मशीनचा वेळ वाचला!" आक्का म्हणायची, "हो का." त्या दोन शब्दांत एवढं विष असायचं की भावाच्या जागी समजणारा माणूस असता तर पाणी प्यायला उठून गेला असता. भाऊ समजणाऱ्यांतला नव्हता.

एकदा एक बाई दारात आली. आक्का उंबऱ्याशीच होती. बाईनं तिच्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "त्या डिझाइनवाल्या ताई आहेत का घरात?" आक्कानं तिला आत घेतलं, बसवलं, पाणीसुद्धा दिलं, आणि मग मोरीत जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासून काढली.

तोवर सगळा माल जाडा असायचा. टोप्या, टॉवेल, कामगारांचे कोट, एप्रन. मग एक दिवस गावच्या खेळ-क्लबाचा कोच आला. गळ्यात शिट्टी, पोट शिट्टीच्याही पुढं. त्याला संघाच्या शर्टांवर कोंबडा पाहिजे होता. लाल पिवळा, आणि भोवती काळी किनार. शर्ट खेळाचे, अंगाबरोबर ताणले जाणारे. हाताला मऊ, ओढलं की लांबणारे, सोडलं की परत येणारे.

"आधी साधे, एकरंगी शर्ट घ्या," कोच म्हणाला. "ते चांगले झाले तर सामन्याचे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट पण तुमच्याकडंच. आणि शाळेच्या मुलांचेही."

वहिनीनं कोंबडा काढला. स्क्रीनवर तो असा दिसत होता की आता आरवेल. आक्कानं शर्ट फ्रेममध्ये घातला, ओढला, वाजवला. टण्. मशीन सुरू झालं. लाल भरलं, पिवळं भरलं, शेवटी काळी किनार पडली.

फ्रेम काढली तर कोंबड्याला दोन चोची. एक पिवळी, आणि तिच्या उजवीकडं थोडी पुढं एक नुसतीच काळी, रिकामी. सगळीच किनार उजवीकडं सरकलेली. जणू कोंबडा एकीकडं आणि त्याची सावली दुसरीकडं. आणि शर्ट फ्रेममधून मोकळा झाल्याबरोबर कोंबड्याभोवती चुण्या, गरम दुधावरच्या सायीसारख्या.

भाऊ म्हणाला, "हे काय झालं?"

आक्का काही बोलली नाही. तिला एवढा आनंद झाला होता की बोलली असती तर आवाजात आला असता. जरा वेळानं, घसा खाकरून, अगदी दुःखानं म्हणाली, "पंचिंगमध्ये काही राहिलं असेल. होतं असं. नवीन आहे ती."

वहिनी कामाला लागली. सुई बदलली, गोल टोकाची घातली, ताणलं जाणारं कापड टोकदार सुईनं फाटतं म्हणून. दोऱ्याचा ताण सैल केला. खालच्या बॉबिनचा बघितला. कापडाखाली लावायचा कागद एकाऐवजी दोन लावले. मशीनचा वेग कमी केला. प्रत्येक वेळी आक्का शर्ट फ्रेममध्ये घालून द्यायची, टण् वाजवून, आणि प्रत्येक वेळी दुसरी चोच आपल्या जागेवर हजर. जवळच बसलेल्या आक्काला गाण्याच्या ओळी आठवायला लागल्या.

"दारू प्यायलाय का हा कोंबडा?" भावानं विचारलं. वहिनी हसली नाही.

मग तिनं तीच डिझाइन जाड्या टॉवेलच्या तुकड्यावर काढून बघितली. टॉवेलावर कोंबडा एका चोचीचा, नीट उभा. वहिनी तो टॉवेल हातात घेऊन बराच वेळ बसली. टॉवेलाकडं बघायची, शर्टाकडं बघायची. मग साध्या आवाजात म्हणाली, "आक्का, एकदा फ्रेम मी लावून बघू का?"

आक्कानं फ्रेम छातीशी धरली.

"काय म्हणालीस?"

"नाही, सहज. बघावं म्हणून."

"तू जन्माला यायची होतीस तेव्हापासून मी फ्रेम लावतेय. माझ्या फ्रेमला हात लावायचा तर आधी मला उचलून बाहेर ठेवा! चौघे जण लागतील, सांगून ठेवते!"

भाऊ मध्ये पडला. "अगं, फ्रेमचं काय घेऊन बसलीस? आक्काची फ्रेम म्हणजे दगडावरची रेघ. तुझ्या पंचिंगमध्येच बघ."

वहिनी म्हणाली, "बरं." आणि गपगुमान टेबलाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा नीट आला. किनार जिथल्या तिथं. थोड्या चुण्या होत्या, पण टाके विरळ केल्यामुळं कमी झाल्या होत्या, आणि त्या आक्कानं वाफेच्या इस्त्रीनं दाबून झोपवल्या.

"बघा!" आक्का म्हणाली. "पंचिंगच होतं. मी सांगितलं होतं की नव्हतं?"

म्हणाली खरं, पण जिंकल्याची चव काही जिभेला लागली नाही. कारण भाऊ बायकोकडं बघून म्हणत होता, "सुधारलंस की शेवटी! डोकं आहे बाई तुला." चूक हिची, दुरुस्ती हिची आणि कौतुकही हिचंच. म्हणजे आजारी पण हीच पडणार आणि उठून बसल्याबद्दल फुलंही हिलाच! इतके दिवस आक्काची एक चूक झाली नाही, त्याबद्दल कुणी तिला डोकं आहे म्हटलं नव्हतं.

शर्ट गेले. आणि पहिल्या धुण्यानंतर कोच परत आला. इस्त्रीनं झोपवलेल्या चुण्या पाण्यात जाग्या झाल्या होत्या. कोंबडा वाळलेल्या डबक्यात उभा असल्यासारखा दिसत होता.

"मुलं याला म्हातारा कोंबडा म्हणतात," कोच म्हणाला. "असं चालायचं नाही. हा पट्ट्याचा शर्ट घ्या. एक नमुना काढून ठेवा. संध्याकाळी येतो. पटला तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडं देतो."

तो गेल्यावर भावाचा पारा चढला. बायकोला म्हणाला, "हे जमत नसेल तर सांग. पंचिंग परत बाजारात देऊ. तू घरातलं बघ." वहिनीचा चेहरा पडला. घरातलं बघायला ती आली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

आक्कानं खाली मान घालून धागे कापले. म्हणजे आता खिडकीजवळचं टेबल जाणार. गिऱ्हाईक पुन्हा आत येऊन डावीकडं न वळता सरळ येणार. तिच्या पोटात थंड वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं.

दुपारी भाऊ माल पोचवायला गेला. वहिनी आत स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवत होती. आक्कानं पट्ट्यांचा शर्ट घेतला. निळे पांढरे उभे पट्टे, पट्टीनं आखल्यासारखे. फ्रेममध्ये घातला, स्क्रू आवळला, ओढला. टण्.

आणि तिनं खाली बघितलं.

फ्रेमच्या बाहेर पट्टे सरळ होते. फ्रेमच्या आत ते सरळ नव्हते. मध्यावर सगळे पट्टे उजवीकडं पोट काढून उभे होते, कोचसारखे.

आक्कानं डोळे चोळले. फ्रेम खिडकीशी नेली. पट्टे वाकडेच. मग तिनं स्क्रू जरा सैल केला, तर तिच्या डोळ्यादेखत पट्टे हळूहळू डावीकडं सरकून सरळ झाले, वाकलेला माणूस ताठ व्हावा तसे. ती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिली. तोच हात, जो डाव्यापेक्षा जोरात ओढायचा. एकरंगी कापडावर हे कधी दिसलंच नव्हतं. टॉवेल आणि टोपी ताणलेच जात नव्हते, त्यामुळं त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. पण हे कापड ओढलं की लांबायचं, लांबलेल्या अंगावर कोंबडा भरला जायचा, आणि फ्रेममधून सुटलं की ते परत आपल्या मापाचं व्हायचं. कोंबडा मात्र टाक्यांनी बांधलेला, तो कुठं मागं जाणार? म्हणून चुण्या.

चुण्या तिच्या होत्या.

तिला पहिला विचार आला तो असा: कुणी बघितलं तर नाही? स्वयंपाकघरात भांडी वाजतच होती. तिनं घाईनं शर्ट काढला, कागद खाली घातला, आणि पुन्हा बसवला. या वेळी ओढला नाही. नुसता हातानं सारखा केला, पट्टे सरळ आहेत एवढं बघितलं आणि स्क्रू आवळला. सवयीनं टिचकी मारली. थप् वाजलं, भिजलेल्या भिंतीसारखं. तिला ते ऐकून इतकी लाज वाटली की तिनं पुन्हा मारली नाही.

मशीन चालू केलं. लाल भरलं. पिवळं भरलं. काळी किनार पडायला लागली आणि आक्का पुढं वाकली.

किनार डावीकडं चालली होती. चोचीच्या आत शिरली होती आणि मागं शेपटीच्या पलीकडं दुसरी शेपटी काढत होती.

फ्रेम काढली. चुणी एक नाही, कापड कसं ताटासारखं सपाट. आणि कोंबड्याला दोन शेपट्या.

आक्का क्षणभर गोंधळली, आणि मग तिच्या तोंडावर ऊन पडलं. म्हणजे पंचिंग चुकलेलंच होतं! चुण्यांचं माझं होतं ते मी मिटवलं, कुणाला कळायची गरज नाही. पण किनारीचं हिचंच! एवढ्यात दारात भाऊ आला. ती शर्ट नाचवतच पुढं झाली.

"बघ बाळ्या! चुण्या मी घालवल्या. आता ही किनार बघ. ही कुणाची?"

भावानं शर्ट घेतला, बघितला, कपाळाला हात लावला. "आधी दोन चोची, आता दोन शेपट्या! थांब, कोच यायच्या आत त्या बाजारातल्या माणसाला फोन लावतो." आणि फोन कानाला लावून तो बाहेर ओट्यावर गेला.

वहिनी ओले हात पुसत बाहेर आली. तिनं शर्ट टेबलावर पसरला. कोंबड्याकडं बघितलं, मग पट्ट्यांकडं, मग हात फिरवून कापडाकडं. आणि मान वर करून हळूच म्हणाली, "आज तुम्ही ओढलं नाहीत."

आक्का खेकसली, "काय?"

"इकडं या ना जरा."

आक्का त्या टेबलाकडं पहिल्यांदाच गेली. वहिनीनं स्क्रीनवर कोंबडा मोठा केला. लाल पिवळं अंग एका जागी, आणि काळी किनार त्याच्यापासून मुद्दाम डावीकडं सरकवून ठेवलेली. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे तू केलंस? जाणून?"

"तुम्ही उजवीकडून जास्त ओढता. मशीन हलत असतं, तसं कापड हळूहळू परत डावीकडं येतं. किनार सगळ्यात शेवटी पडते, तोवर कापड सरकलेलं असतं. म्हणून ती उजवीकडं पडायची. मी ती आधीच तेवढी डावीकडं नेऊन ठेवली. तुमचं ओढणं दर वेळी अगदी तेवढंच असतं आक्का. जराही कमी जास्त नाही. म्हणून जमलं."

"मग तोंड शिवलं होतं तुझं? बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, चौघे जण लागतील."

आक्काला ते आठवलं.

"त्याला तरी सांगायचंस. तुझा नवराच आहे ना तो?"

"त्याला सांगून काय झालं असतं? तुम्ही रुसून आत जाऊन झोपला असता. मग फ्रेम पण मी लावायची, पंचिंग पण मी करायचं, वर तुमची फुगलेली तोंडं बघत जेवायचं." वहिनीनं खांदे उडवले. "त्यापेक्षा किनार सरकवणं सोपं."

यात कुठं चांगुलपणा नव्हता, आणि आक्काला नेमकं तेच झोंबलं. या पोरीनं तिचा हात मोजून काढला होता. आक्काचा राग, आक्काचं रुसणं, सगळं धरून हिशेबात बसवलं होतं, आणि त्यावरून किनार आखली होती. वडलांनीसुद्धा तिला एवढं ओळखलं नव्हतं.

ओट्यावरून भाऊ आत आला. "तो म्हणतोय, उद्यापासून पाठवा. बरं झालं. अगं, तू आवर ते टेबल."

वहिनीनं आक्काकडं बघितलं सुद्धा नाही. संगणकाची वायर कुठून निघते ते बघायला खाली वाकली.

आक्काला आता नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. गप्प बसलं की टेबल जाणार, खिडकी मोकळी होणार. पण ही बाई इथंच राहणार होती, याच घरात, भाकरी वाढताना, कपडे वाळत घालताना. आणि तिला माहीत असणार होतं. रोज सकाळी उठून आक्का तिच्यापुढं येणार आणि ती मनात म्हणणार, बघ, मी सांगितलं नाही. हिच्या उपकाराखाली म्हातारं व्हायचं? हिच्या? आक्काच्या पोटात असं काही पेटलं की पडदे, टोपीवाला, डिझाइनवाल्या ताई, सगळे त्यापुढं काडीसारखे.

"ठेव ती वायर!" ती ओरडली.

दोघंही दचकले.

"पंचिंग बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबर होतं. फ्रेम मी ओढत होते. या कापडाला ओढायचं नसतं. हिनं माझ्यासाठी किनार सरकवली आणि आज मी ओढलं नाही म्हणून ती उलटी पडली. कळलं? आता दोन्हीकडं तोंड करून उभा राहू नकोस. त्या बाजारातल्याला सांग, उद्यापासून काही पाठवत नाही म्हणून."

भावाला एवढं सगळं एकदम कळणं शक्यच नव्हतं. त्याला फक्त एवढंच ऐकू आलं की आक्का चुकले म्हणतेय. "आक्के, तू?"

"मी नाही तर काय शेजारीण? फोन लाव!"

तो बाहेर गेला. आक्का वहिनीकडं वळली. डोळ्यांत अशी आग, की बघणाऱ्याला वाटलं असतं ही आता हिला मारते.

"झालं? फिटलं? आता तुझं माझ्यावर काही नाही."

"नाहीच आहे," वहिनी म्हणाली. "पण जरा आधी बोलला असता तर ही वायर उपसायचा त्रास वाचला असता." आणि तिनं पहिला कोंबडा, मूळचा, न सरकवलेला, मशीनवर चढवला.

आक्कानं पट्ट्याच्या शर्टाची दुसरी बाजू फ्रेममध्ये घातली. पट्टे सरळ. टिचकी मारली नाही. कोंबडा आला तो एका चोचीचा, एका शेपटीचा, सपाट कापडावर. संध्याकाळी कोचनं शर्ट धरून लांबवला, सोडला, पुन्हा लांबवला, आणि शिट्टी फुंकायचीच तेवढी बाकी ठेवली.

"हे कुणी दुरुस्त केलं?"

भावानं दोघींकडं बघितलं. आक्का म्हणाली, "दोघींनी," आणि असं म्हणताना दात उपटून घेतल्यासारखा चेहरा केला.

पट्ट्यांचे शर्ट आले, शाळेचेही आले. कामाचा एवढा ढीग झाला की एकट्या आक्काला फ्रेमा लावणं झेपेना. मग एक दिवस ती आपण होऊन वहिनीला म्हणाली, "ये इकडं. फ्रेम लावायला शीक." आणि त्याच दमात, "आणि मला ते टाके मागंपुढं कसे करतात ते दाखव. सगळं तुझ्याच बोटांत कशाला?"

वहिनी हसत आली. चिंधीचा एक तुकडा घेतला, कागदावर ठेवला, फ्रेम बसवली. आक्काचं बघून बघून तिला ओढायची भीती बसली होती. तिनं कापड इतकं अलगद ठेवलं की मध्ये हवेचा फुगा राहिला. आक्कानं तो बघितला. सैल राहिलेलं कापडही सुईबरोबर पळतं आणि किनार कुठल्या कुठं जाते, हे वडलांच्या मशीनपासून तिच्या हाडात भिनलेलं. ती सांगू शकत होती. पण ती शेजारच्या स्टुलावर नीट बसली आणि म्हणाली, "छान. दाब बटण."

अंग भरलं, तुरा भरला. किनार निघाली ती मानेपाशीच वाट सोडून गेली आणि कोंबड्याला सोडून भलतीकडंच एक कोंबडा काढायला लागली.

"अय्या! हे काय?" वहिनी म्हणाली.

"होतं असं," आक्का म्हणाली. "नवीन आहेस तू." आणि त्या दिवशी तिनं भाजीत मीठ अगदी बेताचं घातलं.